माझी शिफारस कोण करणार

स्वतःची स्तुती स्वतः लिहायची आणि तिच्याखाली सही मात्र दुसऱ्याने करायची, ही आपल्याकडची रीत मला कधीच विचित्र वाटली नव्हती. कॉलेजात असताना चारित्र्याचा दाखलासुद्धा आम्हीच टाइप करून न्यायचो. 'सदर विद्यार्थिनी सुशील व कष्टाळू आहे' असं आपणच आपल्याबद्दल लिहायचं आणि ऑफिसातून त्यावर शिक्का मारून आणायचा. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी मॅनेजमेंटच्या पीएचडीचा अर्ज भरायला बसले आणि त्यात दोन शिफारसपत्रं मागितलेली दिसली, तेव्हा मला वाटलं, एवढंच ना, एका रविवारचं काम.

तो अर्ज मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेचा होता. अभ्यासक्रम पूर्णवेळ, म्हणजे नोकरी सोडायची आणि विद्यावेतनावर भागवायचं. मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, की हे याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. पुढच्या वर्षी मुलीची दहावी, मग तिचे क्लास, तिची धावपळ. तोवर माझं वय आणखी वाढणार आणि मी तेच कारण पुढे करून गप्प बसणार, हे मला स्वतःबद्दल चांगलं ठाऊक होतं. नवरा भला माणूस आहे. त्याने आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं,

"पण कशासाठी?"

"शिकायला."

"नंतर कॉलेजात शिकवायचंय का तुला?"

"माहीत नाही."

"मग पगार वाढेल?"

"कमीच होईल बहुतेक."

"अगं, मग कशासाठी?"

मी चिडून कणीक मळायला घेतली. चिडले, कारण मलाही नीट सांगता येत नव्हतं. घरात गहू कोणते आणावेत यावर मी अर्धा तास बोलू शकते, आणि आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या उडीबद्दल माझ्याकडे एक धड वाक्य नव्हतं.

एक कारण होतं, पण ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला कॉस्टिंग शिकवणारे सर पेपर परत देत वर्गातून फिरत होते. माझ्या बाकापाशी ते थांबले, पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू पुढे शीक. इथे थांबू नकोस." एवढंच. आमच्या घरी तेव्हा माझ्या शिकण्याबद्दल कुणी काही बोलत नसे, नोकरीबद्दल बोलत. त्यानंतर मी नोकरी धरली, लग्न केलं, मूल झालं, नोकरी करता करता रविवारी जाऊन एमबीएही उरकलं. पण सरांचं ते वाक्य ठेवणीतल्या साडीसारखं जपून ठेवलं होतं. वर्षातून एखाद्या वेळी काढायचं, बघायचं आणि परत घडी घालून ठेवायचं. वीसेक वर्षं मी ते कुणाला दाखवलं नव्हतं.

अर्जाला एक पत्र कामाच्या ठिकाणचं हवं होतं आणि एक शिकवलेल्या माणसाचं. मी वसई पूर्वेला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंग बघते. कच्चा माल कधी येणार, कुठल्या मशीनवर काय लावायचं, गिऱ्हाइकाची खोकी कधी निघणार, हे सकाळी कागदावर बसवायचं आणि दिवसभर ते मोडताना बघायचं, असं ते काम. आमच्या शेठना मी पत्राचं सांगितलं तेव्हा ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "तू लिहून पाठव ना, मी सेंड करून टाकतो." मग एकदम वर बघून म्हणाले, "पण सिलेक्शन एवढं सोपं नसतं हां." त्यांचा माझ्या अपयशावर पूर्ण विश्वास होता, म्हणून त्यांनी एवढ्या मोकळ्या मनाने शिफारस दिली, असं मला आजही वाटतं.

त्या रात्रीच जेवणं झाल्यावर मी लिहायला बसले आणि तिथेच अडकले. आपलीच टिमकी आपणच वाजवायची, तीही शेठच्या तोंडून. 'ही अत्यंत कार्यक्षम आहे' असं लिहिलं आणि खोडलं, कारण त्याच आठवड्यात माझ्या चुकीने एक मशीन अर्धा दिवस रिकामं बसलं होतं. 'ही प्रामाणिक आहे' लिहिलं, तर ते वॉचमनच्या पोस्टसाठी लिहिल्यासारखं वाटलं. मुलगी शेजारी अभ्यासाचं सोंग करत बसली होती. तिला मी विचारलं, माझ्यात चांगलं काय आहे सांग.

"तू टायमावर असतेस," ती म्हणाली. बराच विचार करून म्हणाली, "आणि तुला सगळ्यांचं खोटं कळतं."

"हे पत्रात कसं लिहू?"

"अगं मम्मी, 'लीडरशिप' टाक. सगळे तेच टाकतात."

मी लीडरशिप टाकलं. शेठनी ते न वाचताच पाठवलं. दुसरं पत्र सरांचं. एमबीएच्या ठिकाणी दर सहामाहीला शिक्षक बदलत, आणि ते केंद्र बंद होऊनही बराच काळ लोटला होता; म्हणजे शिकवलेला माणूस म्हणून माझ्याकडे सरांखेरीज कुणीच नव्हतं. त्यांचं पत्र मी मनापासून लिहिलं. वर्गात मी कुठे बसायचे, काय प्रश्न विचारायचे, 'मी तिला तेव्हाच पुढे शिकण्याचा सल्ला दिला होता', सगळं आलं त्यात. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. दुसऱ्याच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायला किती बरं वाटतं, मग ते आपणच का लिहिलेलं असेना.

सर निवृत्त होऊन वसईतच, पापडीला त्यांच्या वडिलोपार्जित घरी राहत होते. एका मैत्रिणीकडून फोन नंबर मिळवला, 'तुमची जुनी विद्यार्थिनी' म्हणून वेळ घेतली आणि रविवारी शेअर रिक्षाने गेले. सर घरामागच्या वाडीत होते. हाफ पँट, डोक्यावर जुनी टोपी, हातात कोयता. त्यांनी केळीचं एक लोंगर उतरवून पडवीत आणून ठेवलं, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर खुर्चीत बसले. त्यांच्या पत्नीने चहा आणला. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या. मी त्यांना आंटी म्हणू लागले ते तेव्हापासून.

नाताळ जवळ आला होता. घराच्या कोपऱ्यात येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची तयारी अर्धवट पडलेली, पडवीच्या वाशाला कागदी तारा टांगलेला. सरांनी चष्मा लावून माझं पत्र वाचलं. सावकाश वाचलं, पेपर तपासताना वाचायचे तसं. मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "मुलगी हुशार दिसते."

मी हसले.

"पण मी हिला भेटलेलो नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हणून मी माझं माहेरचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, कुठल्या बाकावर बसायचे तेही सांगितलं. सर माझ्याकडे अगदी प्रयत्नाने बघत होते. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. शेवटी मी ठेवणीतलं वाक्यच काढलं. "सर, तुम्ही मला म्हणाला होतात, तू पुढे शीक, इथे थांबू नकोस."

आंटी कप उचलायला आल्या होत्या, त्या हसायलाच लागल्या. "अगो, ते तर हे सगळ्यांनाच सांगायचे. वर्गाच्या वर्गाला. परवा नळ दुरुस्त करायला एक जण आला, त्यालाही सांगितलं. तो बिचारा पाना ठेवून यांच्याशी बोलत बसला आणि नळ तसाच गळत राहिला."

सर ओशाळले. "म्हणायचो खरा," ते म्हणाले. "त्या वयात मुलांना कुणीतरी म्हणायला हवं, असं वाटायचं."

मी चहा संपवला. तो संपवताना चेहऱ्यावर काय ठेवायचं ते कळत नव्हतं. सर म्हणाले, विचार करून कळवतो. आंटींनी घरची केळी दिली, ती घेऊन मी रिक्षात बसले. सगळ्या वर्गाला वाटलेला खाऊ माझ्या एकटीसाठीच आणलाय असं समजून मी जपून ठेवला होता आणि इतकी वर्षं उघडून बघत होते. मला लाज वाटली आणि सरांचा रागही आला, आणि राग येण्यासारखं त्यांनी काही केलेलं नव्हतं म्हणून स्वतःचा आला. रिक्षावाल्याने स्टँडला सगळ्यांना उतरवलं तरी मी बसूनच होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग दुसरं कुणी बघ. नाहीतर एवढं काय, तुझी सही तूच कर त्यांच्या नावाने, कोण बघतंय." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा "गंमत केली" म्हणाला. मला खरी अडचण सहीची नव्हतीच आता. कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे जे एकुलतं एक उत्तर होतं, तेही गेलं होतं. अर्जाची मुदत जवळ येत होती आणि हा अर्ज मुळात कुणाचा आहे, तेच मला कळेनासं झालं होतं. अर्ज रद्द करायचा म्हणून दोनदा तो उघडला आणि त्यात काहीतरी सुधारून परत बंद केला.

सरांचा फोन आला. "मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. "ओळख नसलेल्या माणसाची शिफारस कशी करू? पण तू इथेच राहतेस, मीही इथेच आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटपून मी रिकामा असतो. ये. ओळख करून घेऊ, मग बघू."

शिफारसीसाठी ओळख लागते, हे मला माहीत होतं. आपल्याकडे ओळखीवरच सगळं चालतं. पण शिफारसीसाठी आधी ओळख करून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी गेले. अडला हरी, दुसरं काय.

पहिल्या खेपेला सरांनी विचारलं, "तुला शोधायचंय काय?" मी अर्जासोबतच्या संशोधनाच्या प्रस्तावात लिहिलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. पुरवठा साखळी, लघुउद्योग, समन्वय. सर ऐकत होते आणि आंटी उन्हात वाळवून सुकेळी करायला पिकलेली केळी सोलत होत्या. माझं संपल्यावर सर म्हणाले, "हे तू कुठून तरी उचललंयस. तुझ्या कारखान्यात काय होतं ते सांग."

"काही नाही होत सर. सगळे उद्या म्हणतात."

"म्हणजे?"

मग मी सांगत सुटले. आमच्या धंद्यात 'नाही' कुणीच म्हणत नाही. कागदाचे रोल कधी येणार? उद्या. छपाई कधी? आज संध्याकाळी. पण या शब्दांना स्वतःचा अर्थ नसतो, तो बोलणाऱ्यावर असतो. छपाईवाल्याची आज संध्याकाळ परवा सकाळी उजाडते. डिंकवाल्याचा उद्या आठवड्याने येतो, पण गणपतीच्या आधी खरंच उद्या येतो, कारण त्याला गावी जायचं असतं. ट्रान्सपोर्टवाला 'गाडी निघालीय' म्हणाला की समजायचं, ड्रायव्हर अंघोळीला गेलाय. 'गाडी हायवेला चिंचोटीला अडकलीय' म्हणाला की मग ती निघाली. आणि एक जण आहे, तो कधीच वेळ सांगत नाही, नुसतं 'बघतो' म्हणतो, लोकांना त्याचा राग येतो, पण त्याचाच माल वेळेवर येतो. हे सगळे उद्या माझ्या डोक्यात असतात आणि त्यावर मी प्लॅन लावते. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, पण त्या भातावर रोज शंभरेक माणसांचं पोट चालतं.

आंटींच्या हातातलं केळं तसंच राहिलं होतं. सर खुर्चीत पुढे सरकले होते. "हे तू कुणाकडून शिकलीस?"

"कुणाकडून नाही."

"दुसऱ्याला शिकवता येईल?"

मध्यंतरी आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली होती, मॅनेजमेंट शिकून आलेली, हुशार. तिने सगळ्यांचे उद्या जसेच्या तसे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि आठवडाभरात कारखाना ठप्प होत आला. मी तिला खूप समजावलं, पण नक्की काय समजावायचं तेच मला सापडत नव्हतं. कंटाळून ती सोडून गेली. मी सरांना म्हणाले, "नाही येत शिकवता. का येत नाही, ते माहीत नाही."

"मग ते लिही," सर म्हणाले. मी घरी येऊन प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला आणि आधीपेक्षा जास्त गोंधळले. आधीचा निदान गुळगुळीत होता. हा लिहिताना प्रत्येक वाक्याखाली नवं 'माहीत नाही' निघत होतं.

पुढच्या रविवारी सरांनी तो वाचला आणि आणखी प्रश्न काढले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. नाताळ होऊन गेला, घरात केकचा वास अजून रेंगाळत होता, मुदत पुढ्यात येऊन ठेपली होती आणि सर पत्राचं नावच काढत नव्हते. सर आणि आंटी आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची आणि उरलेल्या निम्म्यात माझ्याचबद्दल काहीतरी आहे असं वाटत राहायचं. त्या दिवशी सरांनी विचारलं, "पण यात मॅनेजमेंट कुठे आहे?" आणि माझा तोल गेला.

"सर, तुम्ही नळवाल्यालासुद्धा सांगता ना, पुढे शीक म्हणून? मग माझीच एवढी परीक्षा कशाला? मी कारखान्यातून एक सुट्टीचा दिवस काढते, घरी स्वयंपाक करून येते. सही करायची नसेल तर तसं सांगा, मी दुसरं बघते."

दुसरं काहीच नव्हतं बघायला. बोलून गेले आणि घाबरले. सरांनी प्रस्ताव बाजूला ठेवला. म्हणाले, "सांगायला काय लागतं? तो माझा धंदा होता. सही केली की जबाबदारी माझ्यावर येते." मग म्हणाले, "आणि माझ्या त्या सांगण्यावर तू निघाली असशील, तर जाऊच नकोस. ते मी परत घेतो."

"परत घेता?"

"घेतो. धर की मी कधी बोललोच नाही. आता सांग. जायचंय?"

मला रडू आलं. इतक्या वर्षांची ती साडी कुणीतरी कपाटातून काढून घेऊन गेल्यासारखं झालं. आंटी आतून बाहेर आल्या आणि सरांवर डाफरल्या, त्यांच्या बोलीत. मी पदराने नाक पुसलं आणि म्हणाले, "हो."

"का?"

"माहीत नाही, सर. खरंच माहीत नाही. पण ते सगळे उद्या का म्हणतात आणि तरी सगळं कसं चालतं, हे मला कळत नाही, आणि ते न कळता मी रोज तेच करते. त्याचा मला त्रास होतो."

"हे मी लिहू शकतो," सर म्हणाले.

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं आणि मुदतीच्या आत परस्पर संस्थेला पाठवलं. संस्थेची पद्धतच तशी होती, अर्जदाराला ते दिसत नाही. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शेठच्या पत्रातला शब्द न् शब्द मला पाठ होता, आणि या पत्रातला एकही माहीत नव्हता, तरी माझा सगळा भरवसा त्याच्यावरच होता. हे काही प्लॅनिंगवाल्या बाईला शोभत नव्हतं.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा नवऱ्याने पेढे आणले आणि मी ते कुणाला वाटू दिले नाहीत. मुलाखत ऑनलाइन होती. मुलीचं टेबल रिकामं केलं, मागे चांगली चादर लावली, शेजारच्यांना ड्रिल मशीन चालवू नका म्हणून सांगून आले. पण सोसायटीत पाण्याचा टँकर आला तो नेमका तेव्हाच, आणि त्याच्या मोटरच्या घरघरीत मी पडद्यावरच्या तिघांशी इंग्रजीत बोलत होते. दोन पुरुष आणि एक बाई. त्यातल्या एकाने विचारलं, यात सिद्धांत कोणता वापरणार? मी पाठ केलेली दोन नावं सांगितली. त्याने मान हलवली, ती होकाराची होती की कीव आल्याची, कळलं नाही.

मग त्या बाईंनी विचारलं, "सगळ्यांनाच माहीत आहे, की उद्या म्हणजे उद्या नाही. असा शब्द कुणी कधी खराच धरला, तर त्याचं काय होतं?"

याची मी तयारी केली नव्हती. ती नवीन मुलगी आठवली, तिचं सांगणार होते. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, एका शिक्षकांनी सगळ्या वर्गाला एक वाक्य सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं असेल. मला वाटलं, ते मला एकटीलाच सांगितलंय, म्हणून मी ते खरं धरलं आणि त्यावर वीस वर्षांनी हा अर्ज केला. मग कळलं की ते सगळ्यांनाच सांगायचे.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता मी तुमच्यासमोर बसलेय," मी म्हणाले. "म्हणजे चुकून धरलं तरी ते थोडंसं खरं होतंच, असं म्हणावं लागेल. की नाही म्हणावं, मला ठरवता येत नाहीये."

एकाने काहीतरी लिहून घेतलं. मग आभार मानून पडदा बंद झाला. मुलाखत चांगली झाली की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलगी दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "मम्मी, लास्टवालं भारी होतं. पण तू 'ठरवता येत नाही' का बोललीस? असं बोलतात का इंटरव्ह्यूमध्ये?"

निकालाची वाट बघणं फार वाईट. रोजचे उद्या हाताळणारी मी, माझ्याच एका उद्यापुढे हात टेकले. कारखान्यात दोनदा चुकीची खोकी लावली. शेठ म्हणाले, लक्ष कुठे आहे, आणि मी म्हणाले, इथेच आहे. नवऱ्याशी विनाकारण भांडले. रविवारी पापडीला जायचं कारण उरलं नव्हतं, तरी एकदा गेले, आंटींकडून सुकेळी विकत घ्यायची म्हणून.

निकाल कामावर असताना आला. मशीनच्या आवाजात मी मोबाइलवर तो वाचला. निवड झाली नाही. खाली लिहिलं होतं, की अर्ज मोठ्या संख्येने आले होते, आपला अर्ज विचारपूर्वक पाहण्यात आला, आणि आपण पुढील वर्षी अवश्य पुन्हा अर्ज करावा अशी संस्थेची इच्छा आहे.

मी गोदामाच्या मागे गेले, जिथे खराब पुठ्ठा टाकतात. तिथे कुणी येत नाही. आधी रडले. मग ते पत्र पुन्हा वाचलं, आणि शेवटचं वाक्य आणखी दोनदा. असलं वाक्य कुणी कुणासाठी लिहीत नाही. एकदा लिहून ठेवतात आणि न घेतलेल्या सगळ्यांना जातं, शेकडो जणांना, अगदी ज्यांचा अर्ज कुणी उघडलाही नसेल त्यांनाही. माणसाला वाईट वाटू नये म्हणून घातलेलं ते वाक्य आहे. असल्या वाक्यांची किंमत मला कळत नसेल, तर वसईत कुणाला कळणार? मला त्याचा संताप आला. आणि संतापाच्या भरातच मनात हिशेब सुरू झाला, की पुढच्या वर्षी मुलीची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, अर्ज त्याआधीच जाईल, मुलाखत तिच्या परीक्षेच्या सुमाराला येईल, सासूबाईंना त्या वेळी बोलावून घेता येईल. याच वर्षी, नाहीतर कधीच नाही, असं म्हणणारी बाई मीच होते. आपण नक्की काय करतोय तेच मला कळत नव्हतं, आणि डोकं आपलं प्लॅन लावत होतं.

मी सरांना फोन लावला. निवड झाली नाही, सांगितलं. ते "अरेरे" म्हणाले, मनापासून म्हणाले. मग मी त्यांना ते पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या वाक्यासकट.

"हे सगळ्यांनाच लिहितात," सर हळूच म्हणाले. मला पुन्हा लागू नये म्हणून म्हणाले असावेत.

"माहीत आहे, सर."

"मग?"

"मी खरं धरतेय."

वाडीतला पंप चालू असल्याचा आवाज फोनमधून येत होता. कोणाचा फोन आहे, असं मागून आंटींनी त्यांच्या बोलीत विचारलं, तेवढं मला कळलं. आणि सरांनी त्यांना माझं नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, मला न विचारता.